टिटवीची जागा

सरोजबाई कुठल्याही गावाला गेल्या की आधी तिथलं पाणी चाखायच्या. प्यायच्या नाहीत, चाखायच्या. करंगळी बुडवायची, जिभेच्या शेंड्याला लावायची आणि डोळे मिटून जरा थांबायचं. मग "क्षार जास्त आहेत" नाहीतर "टाकी धुतलेली नाही" असं काहीतरी निघायचं. लग्नाच्या पंगतीत बसल्या तरी हेच. यजमान कसनुसे व्हायचे, पण ते बाईंच्या ध्यानातही यायचं नाही. त्यांची सगळी नोकरी पाण्याच्या प्रयोगशाळेत गेलेली. पैठणच्या धरणातून संभाजीनगरला येणारं पाणी रोज काचेच्या नळ्यांत घालून बघायचं आणि पिण्यालायक आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. आठवडाभर ज्या पाण्याकडं संशयानं बघायच्या, रविवारी त्याच पाण्यावर शीड लावून फिरायला जायच्या.

त्यांची एक होडी होती. लाकडी, लहान, दोघी-तिघी बसतील एवढी. पोटात एक फळी, ती वर ओढून घेता यायची, म्हणजे होडी उथळ पाण्यातसुद्धा चालायची. पुण्याकडच्या कुठल्यातरी क्लबानं मोडीत काढलेली ही होडी बाईंनी तरुणपणी आणली आणि स्वतः दुरुस्त केली. नाव ठेवलं टिटवी. लोक म्हणायचे, बाई, टिटवीचं ओरडणं अपशकुनी असतं, दुसरं नाव ठेवा. बाई म्हणायच्या, "तिला घरटं नसतं. उघड्यावर राहते आणि तरी पाण्याचा अंदाज तिलाच असतो. मला असलीच हवी होती."

मी त्यांच्याकडं कामाला लागले तेव्हा मला होडी म्हणजे चित्रातली ठाऊक होती. मी पिशोरची. शाळा सातवीला सुटली, लग्न झालं, नवरा गेला आणि सासरच्या घरात माझी जागा उरली नाही. माहेरी भाऊ होता, पण त्याचंच घर त्याला पुरत नव्हतं. कुणीतरी बाईंचा पत्ता दिला. पहिल्या दिवशी बाईंनी मला काय काय येतं ते विचारलं. मी म्हणलं, काहीच नाय. त्यांनी एक पेला पाणी पुढं ठेवलं आणि चव सांग म्हणाल्या. मी घोट घेतला. "पाण्यावानीच लागतंय," मी म्हणलं.

"खरं बोलतेस. रहा."

मला काळजी करायची खोड आहे. गॅस बंद केला का, कडी लावली का, हे मी जिन्यातून परत वर जाऊन बघायची. बाई कधी रागावल्या नाहीत. काळजी करू नको, असंही त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्या माझ्यासोबत परत वर यायच्या, गॅसचं बटण बघायच्या आणि म्हणायच्या, "हे बघ, मीपण बघितलं. आता दोघींनी बघितलंय." एवढ्यानं माझं मन हलकं व्हायचं. आणि मी फारच गप्प गप्प झाले तर एकच वाक्य: "काळजी कशाची आहे ते नीट सांग." नीट सांगायला गेलं की निम्मी काळजी सांगण्यासारखी नसायचीच.

एकदा टिटवीची डोलकाठी मोडली. बाईंनी नवी करून घेतली आणि ती हातगाड्यावर आडवी टाकून आम्ही दोघी क्रांती चौकातून निघालो. काठी इतकी लांब की पुढचं टोक चौकात पोचलं तरी मागचं अजून दुकानांसमोरच. गाड्या तटल्या. पोलीस आला आणि हे काय म्हणून त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, डोलकाठी. कशाची, तर होडीची. त्यानं उगाच चारी बाजूंना बघितलं, जसं काही कुठंतरी पाणी दिसणारच होतं. मग म्हणाला, "बाई, आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाय, अन् तुम्ही होडी काढली व्हय?"

"पाणी आहे हो धरणात," बाई म्हणाल्या. "येताना नळातच अडकतं. मी ते बघून येते मधूनमधून."

पोलीस हसला. त्यानं एका बाजूची सगळी वाहनं थांबवून धरली आणि आमची काठी लग्नाच्या वरातीसारखी चौकातून गेली.

रविवारी आम्ही स्कूटीवरनं पैठणच्या रस्त्यानं जायचो. बिडकीनला चहा. माझ्या मांडीवर डबा, त्यात भाकरी, ठेचा, कांदा. धरणाच्या काठाला रज्जाकभाई नावाचे मासेमार होते, त्यांच्या झोपडीशेजारी टिटवी असायची. धरणाचं पाणी दिवाळीनंतर उतरायला लागतं आणि उन्हाळाभर मागं मागं सरकत जातं. मग होडीचा खुंटाही पाण्यामागं न्यायचा. पाऊस जवळ आला की तोच खुंटा परत वर आणायचा. पण किती वर, हे रज्जाकभाई टिटव्यांना विचारून ठरवायचे. काठावरच्या मोकळ्या जमिनीत टिटव्यांनी अंडी कुठं घातलीत ते हिंडून बघायचं. अंडी खाली असली तर पाऊस बेताचा. वर बांधापाशी असली तर पाणी तिथवर येणार. खुंटा अंड्यांच्या वर ठोकायचा.

बाई प्रयोगशाळेतल्या. मला वाटलं, त्या हसतील. पण त्या वाकून वाकून अंडी बघायच्या आणि रज्जाकभाईंच्या शब्दाबाहेर एक हात खुंटा हलवायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, तुमचा विश्वास आहे व्हय? तर म्हणाल्या, "विश्वास नाही. पण तिची पिल्लं पणाला लागलेली असतात. जागा निवडताना तिचा विचार माझ्यापेक्षा जास्त झालेला असणार."

मग बाईंचा हात थरथरायला लागला. उजवा. आधी आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल. डॉक्टर म्हणाले, कंपवात. ह्या दुखण्याची एक गंमत होती, तिला गंमत म्हणावं का माहीत नाही. हात रिकामा असला की थरथरायचा. हातात काही धरलं की थांबायचा. म्हणून बाईंनी टिटवीच्या जुन्या दोराचा एक तुकडा काढला, अंगठ्याएवढा जाड, वापरून गुळगुळीत झालेला, आणि तो कायम हातात धरायला सुरुवात केली. बँकेत, भाजीत, टीव्हीपुढं, सगळीकडं तो दोर. नवख्याला वाटायचं, बाई कुणाचं तरी जनावर सोडून आल्यात. सुकाणूची दांडी धरली की मात्र त्यांचा हात अगदी पहिल्यासारखा. पण गाठ मारायला बोटं ऐकेनात. गाठी मी मारायला लागले, त्या तोंडानं सांगायच्या.

त्याच साली धरणाच्या काठावरची ती जागा मोकळी करा, असं सांगणं आलं. रज्जाकभाईंची झोपडी उठणार होती, ते पाचोडला मुलीकडं निघाले. टिटवीचं काय करायचं? बाईंचा भाचा अभय पुण्याला असतो. तो म्हणाला, मावशी, विकून टाक आणि तू माझ्याकडं ये, तुला आता एकटं राहता येणार नाही. तो वाईट माणूस नाही. त्याचं खरंच होतं. बाई त्याला हो म्हणाल्या, येते म्हणाल्या. पण होडी विकणार नाही, समुद्रावर नेणार. सगळं आयुष्य धरणाच्या पाण्यावर गेलं, समुद्रावर शीड लावायचं राहिलं होतं.

रज्जाकभाईंनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "बाई, समंदर को ले जाके क्या करना? अपना पानी मीठा है."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. त्यांचं ते शेवटचं एकत्र बसणं होतं, हे दोघांनाही कळत होतं.

मला मात्र दुसरंच दिसत होतं. बाई पुण्याला जाणार. टिटवी समुद्रावर जाणार. संभाजीनगरचं घर बंद होणार. मी कुठं जाणार, हे कुणी बोलत नव्हतं, आणि मी विचारत नव्हते. रोज गॅस दोनदा बघायची ती चारदा बघायला लागले.

बाईंनी किनाऱ्यावर फोन सुरू केले. कोण कोण ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे. लोक हौसेनं खाडीचे फोटो पाठवायचे. प्रत्येक फोटोत काठोकाठ पाणी, नारळ, सूर्य बुडतोय. बाई सगळ्यांना एकच कळवायच्या, ओहोटीचा फोटो पाठवा. त्यावर बहुतेकांचं उत्तरच यायचं नाही. एकाच ठिकाणाहून तसला फोटो आला. नुसता करडा चिखल, आणि जिथं होडी बांधायची तिथं एक कुत्रं झोपलेलं. बाई तो फोटो बघून कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. पण शिस्त म्हणजे शिस्त. आम्ही जीप करून निघालो आणि बाईंनी निवडलेल्या तिन्ही जागा बघितल्या.

पहिली जागा एका मोठ्या हॉटेलची. स्वतःचा धक्का, खोल पाणी, कधीही होडी काढा. मला तर तीच आवडली होती. मालक म्हणाला, पाहुणे तिच्यात बसून फोटो काढतील. बाईंनी पाणी चाखलं आणि विचारलं, पावसाळ्यात इथं कोण असतं? कोणी नाही, तेव्हा बंद असतं, तो म्हणाला. बाईंनी त्याला नमस्कार केला आणि जीपमध्ये येऊन बसल्या.

दुसरी जागा म्हणजे मासेमारीचं मोठं बंदर. शे-दीडशे बोटी एकमेकींना खेटून. आमची टिटवी त्यांच्यामध्ये म्हणजे बाजारच्या गर्दीत सुटलेलं लेकरू. इथं बाईंनी करंगळी बुडवली ती जिभेला लावलीच नाही, पदराला पुसली. तरी तिथल्या माणसाला त्यांनी विचारलं, "इथं ही जागा कुणाच्या दारातून दिसते?" त्याला प्रश्नच कळला नाही. कॅमेरे आहेत की, तो म्हणाला.

तिथून निघताना मी म्हणलं, बाई, पाणी आहे, धक्का आहे, आणखी काय पाहिजे? तेव्हा त्या म्हणाल्या, "होडी पाण्यात ठेवून भागत नाही, मंदा. कुणाच्या तरी नजरेत ठेवावी लागते."

तिसरी जागा ती कुत्र्याच्या फोटोतली. खाडीच्या आतल्या अंगाला छोटं गाव. आम्ही पोचलो तेव्हा पाणी पार गेलेलं. चिखलात गुडघाभर उतरून एक बाई तिसऱ्या वेचत होती, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या. ह्या सुमनकाकी. त्यांचं घर काठावर पहिलं. मुलं मुंबईला, नवरा नाही, घरापुढं एसटीच्या लोकांसाठी लहानशी खानावळ. चिखल झटकत त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "पाणी बघायला आलात ना? ते बाहेर गेलंय. बसा, येईल."

आम्ही ओट्यावर बसलो. पाणी खरंच आलं. आधी चिखलात बारीक ओहळ, मग तो भरला, मग कुत्रं उठून वर आलं, आणि बघता बघता सगळी खाडी काठोकाठ. बाई एका जागी बसून, हातात दोर धरून, नुसत्या बघत होत्या. आमच्याकडं पाणी वर्षातून एकदा जातं आणि एकदा येतं, आणि आलं नाही तर सगळं गाव आभाळाकडं बघत बसतं. इथं ते दिवसातून दोनदा जात होतं आणि कुणी मान वर करून बघत नव्हतं. "काय श्रीमंती आहे," बाई हळूच म्हणाल्या.

मी चहाचे कप घेऊन मागच्या दारी विसळायला गेले. तिथून ओट्यावरचं बोलणं ऐकू येत होतं. बाई होडीबद्दल विचारत होत्या. चिखल मऊ आहे का, खाली दगड नाहीत ना, पावसाळ्यात कुठं ओढून ठेवाल. आणि त्याच आवाजात, मधे न थांबता, पुढचं:

"तिला रोज भात चालत नाही. भाकरी लागते. ज्वारी मिळते का इथं?"

काकी म्हणाल्या, इथं तांदळाची भाकरी करतात.

"शिकेल ती. पण सुरुवातीला ज्वारी लागेल. मी पाठवत जाईन. आणि तिला रात्री कडी लावली का, हे विचारायची सवय आहे. तर तुम्ही नुसतं, मी पण बघितलं, एवढं म्हणा."

मी नळ सुरूच ठेवला. कप केव्हाच विसळून झाले होते.

परत येताना जीपमध्ये मी बोलले नाही. घाट लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "काळजी कशाची आहे ते नीट सांग."

मी म्हणलं, "तुम्ही मला होडीबरोबर ठेवून चाललात."

"हो."

"मी पुण्याला येते. तुमचं सगळं करीन."

बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "अभयच्या घरी तू कामवाली म्हणून राहशील. मी असेन तोपर्यंत. इथं तू टिटवीची बाई म्हणून राहशील, मी नसले तरी." मग म्हणाल्या, "मी तीन ठिकाणी विचारलं, मंदा. दोन ठिकाणी तुझं नावसुद्धा काढावंसं वाटलं नाही."

मला लई राग आला होता त्यांचा. आणि रागात मी त्यांचा दोर धरलेला हात धरून बसले होते, घाट संपेपर्यंत.

टेम्पोत जुन्या गाद्या टाकून टिटवी आणली. आल्या दिवशी खाडी भरलेली होती. बाईंनी हट्टानं स्वतः होडी धक्क्याच्या खांबाला बांधली, बोटं ऐकत नव्हती तरी वेळ घेऊन, धरणावर बांधायच्या तशी, आखूड आणि घट्ट. आम्ही जेवायला बसलो. जेवून जरा लवंडलो, उठून बाहेर येतोय तो काकी ओट्यावर हसून हसून वाकलेल्या. पाणी उतरलं होतं आणि टिटवी नाकानं खांबाला लटकत होती, मागचा भाग चिखलात.

"गो बाय, शेळी टांगलीव काय?" काकी म्हणाल्या.

बाईही हसल्या. भरती-ओहोटीची सगळी कोष्टकं पाठ असलेली बाई ती. मग स्वतःच्या हाताकडं बघत म्हणाल्या, "डोक्याला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं." थोड्या वेळानं दोराचं टोक माझ्याकडं दिलं. "आता तूच बांध. तुझ्या हाताला अजून शिकता येईल." मी लांब दोर सोडून बांधली. काकींनी बघितलं, बाईंनी बघितलं. त्यानंतर बाईंनी गाठीला हात लावला नाही.

समुद्रावर त्या एकदाच गेल्या. मी सोबत होते, कपाळाला घाम, दोन्ही हातांनी बसायची फळी धरलेली. दुपारचा वारा, पाणी भरलेलं. बाईंच्या हातात सुकाणू आणि हात दगडासारखा स्थिर. खाडीच्या तोंडाशी रेतीचा बांध आहे, त्याच्या पलीकडं मोकळा समुद्र. तिथं पहिली मोठी लाट आली आणि टिटवीला उचलून परत खाली ठेवलं, अलगद, जशी कुणी मापात धरून बघावी. माझ्या तोंडून देवाचं नाव आलं. बाईंनी डावी करंगळी बुडवली, चाखली आणि डोळे मिटले.

"हे पाणी मी कधीच पास केलं नसतं," त्या म्हणाल्या. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

त्यांनी बराच वेळ पलीकडं बघितलं. मग सुकाणू वळवलं. मी घाबरले म्हणून वळल्या, की त्यांना पुढचं काही दिसत होतं म्हणून, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं, पण विचारून काय झालं असतं.

पुढं त्या पुण्याला गेल्या आणि रोज एकदा फोन यायचा. त्यात कसं चाललंय वगैरे नसायचं. "पाणी आलं?" एवढंच. आलं असलं तर मी आलं म्हणायची, गेलं असलं तर कधी येणार ते सांगायची. ज्वारी वेळेवर पोचायची. नंतर नंतर त्यांचा आवाज बारीक झाला, मग फोन अभयदादा लावून द्यायचे, मग ते स्वतःच विचारायला लागले, मावशी विचारतेय, पाणी आलं का. उन्हाळ्यात एका सकाळी अभयदादांचा फोन आला आणि त्यांनी पाण्याचं विचारलं नाही, तेव्हा मला कळलं. मी पुण्याला पोचेपर्यंत सगळं झालं होतं. परत आले तर टिटवी जागेवर होती. काकींनी दोर लांब करून ठेवला होता. म्हणाल्या, मी बघत होते गो.

आता इथं मला टिटवीची बाई म्हणतात. खानावळीत माझी ज्वारीची भाकरी मागून घेतात. चिखलावर खरी टिटवी कधीमधी येऊन ओरडते, काकी तिला हाकलायला उठतात, मी बसू द्या म्हणते. पिशोरची आठवण येते. पण कडी लावली का म्हणून उठणं आता कमी झालंय.

बाईंना मी शेवटचं बघितलं ते त्या इथून निघाल्या त्या दिवशी. अभयदादा गाडी घेऊन आले होते. भर दुपार, आणि पाणी गेलेलं. टिटवी लांब चिखलात एका कुशीवर बसलेली. बाईंना तिला एकदा हात लावायचा होता. पण चिखलातून त्यांना चालवत नव्हतं, आणि पाणी यायला संध्याकाळ होणार होती. अभयदादा म्हणाले, मावशी, घाट उजेडात चढायला हवा. त्यांचंही बरोबर होतं. बाई हो म्हणाल्या. काठाच्या दगडावर उभ्या राहून त्यांनी थोडा वेळ तिकडं बघितलं. मग माझ्याकडं वळल्या, हातातला दोराचा तुकडा माझ्या हातात ठेवला आणि माझी मूठ मिटवली.

"हा आखूड आहे," त्या म्हणाल्या. "बांधायला वापरू नकोस."

गाडी वळली. काच खाली होती आणि काचेबाहेर बाईंचा उजवा हात आला. काकी म्हणाल्या, बघ गो, टाटा करतायत. मी पण हात हलवला, गाडी नारळांआड जाईपर्यंत हलवत राहिले. मग मूठ उघडली, त्यात दोर होता. बाईंचा हात रिकामा होता.